वारा अडवा, हवा कोंडू नका! परसातल्या कोंबड्यांची हिवाळी निगा

जळगाव : उन्हाळ्यात ४५ अंशांच्या झळा सोसणारा खान्देश हिवाळ्यातही तितकाच टोकाचा असतो. डिसेंबर-जानेवारीत जळगाव, धुळ्यात दुपारी पारा २८ ते ३० अंशांवर असतो आणि पहाटे तोच दहा अंशांखाली उतरतो; थंडीच्या लाटेत धुळ्यात तो पाच-सहा अंशांपर्यंतही घसरतो. अशा दिवसांत शहरालगतच्या वसाहतींत घरामागे पाच-दहा कोंबड्या पाळणारी मंडळी काळजीपोटी खुराडे चोहोबाजूंनी प्लॅस्टिकने बंद करून टाकतात. ही माया अनेकदा थंडीपेक्षाही महागात पडते.

थंडीपेक्षा ओल घातक

कोंबडीच्या शरीराचे तापमान सुमारे ४१ अंश सेल्सिअस असते. थंडी वाजू लागली, की ती पिसे फुलवते. पिसांत अडकलेली हवा हीच तिची गोधडी. पूर्ण वाढलेली, निरोगी आणि अंगाने कोरडी कोंबडी खान्देशातील थंडीची रात्र सहज काढते. बर्फाळ प्रदेशात कोंबड्यांचे तुरे गोठतात, तशी वेळ येथे येत नाही. मात्र पिसे भिजली किंवा अंगावर थेट वारा आला, की ही गोधडी निकामी होते.

बंद खुराड्यात नेमके काय घडते? कोंबड्यांच्या श्वासातील वाफ आणि विष्ठेतील ओलावा बाहेर पडू शकत नाही. छपराला पाणी सुटते, खालचा भुसा ओलावतो आणि त्यातून अमोनिया वायू तयार होतो. या वायूने डोळ्यांची आग होते, श्वासनलिकेचे नाजूक अस्तर दुखावते आणि जंतूंना आयती वाट मिळते. ‘कोंबडीला थंडी बाधली’ असे म्हणून ज्या शिंका, घरघर वा डोळ्यांतील पाण्याकडे बोट दाखवले जाते, त्यामागे बऱ्याचदा ही कोंदट हवाच असते. परीक्षा सोपी आहे. पहाटे दार उघडून कोंबड्यांच्या उंचीवर वाकून पाहावे. वास नाकाला झोंबला, तर खुराड्याला हवा कमी पडते आहे, असे समजावे.

खुराडे कसे असावे?

वाऱ्याच्या बाजूला, विशेषतः उत्तरेला, गोणपाटाचा पडदा लावावा किंवा पऱ्हाट्या-तुराट्यांचा कूड घालावा. पडदा खालून वर ओढून बांधावा आणि छपराजवळ वीतभर फट मोकळी ठेवावी. त्यामुळे वारा अंगावर येत नाही आणि दमट हवा वरून निघून जाते. ऊन चढताच पडदे उघडावेत.

जमिनीवर लाकडाचा भुसा, भाताचे तूस किंवा भुईमुगाची टरफले तीन-चार इंच जाडीने पसरावीत. भुसा अधूनमधून खालीवर करावा. ओला झालेला भाग लगेच काढून टाकावा. प्रत्येक कोंबडीस किमान दोन चौरस फूट जागा मिळावी. बसण्यासाठी दोन इंच रुंदीची लाकडी पट्टी जमिनीपासून उंचावर लावल्यास कोंबड्या बोटे पिसांखाली झाकून ऊब धरतात.

पिलांचे गणित वेगळे

पिसे न फुटलेल्या पिलांना मात्र बाहेरून ऊब द्यावीच लागते. पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश तापमान ठेवावे व पुढे दर आठवड्याला ते तीन अंशांनी कमी करावे. पिलामागे दोन वॅट हा ढोबळ हिशेब तारेच्या जुन्या बल्बचा आहे. एलईडी दिव्याने उजेड मिळतो, ऊब नाही. थर्मामीटर नसल्यास पिलांकडे पाहावे. ती दिव्याखाली दाटीने गोळा झाली तर थंडी आहे, दूर पळून चोच उघडून धापत असतील तर उष्णता जास्त आहे आणि सर्वत्र सारखी पसरली असतील तर सारे ठीक आहे. वीज गेल्यावर कोळशाची शेगडी बंद खुराड्यात कधीही ठेवू नये. तिच्या विषारी धुराने पिले गुदमरतात.

खाद्य, पाणी आणि अंडी

थंडीत शरीर तापवण्यासाठी जादा ऊर्जा लागते. त्यामुळे नेहमीच्या खाद्याबरोबर सायंकाळी मूठभर भरडलेला मका, ज्वारी किंवा बाजरी द्यावी. रात्रभर पचन सुरू राहते आणि त्यातून ऊब मिळते. बुरशी आलेला मका मात्र टाळावा. सकाळी रात्रीचे गार पाणी ओतून कोमट पाणी द्यावे.

हिवाळ्यात अंडी घटतात, त्याचे मुख्य कारण दिवस लहान होणे हे आहे. या काळात आपल्याकडे दिवस जेमतेम ११ तासांचा असतो, तर भरपूर अंड्यांसाठी कोंबडीला १४ ते १६ तास उजेड लागतो. पहाटे दिवा लावून ही तूट भरता येते.

मरतूक लपवू नका

मानमोडी अर्थात राणीखेत हा परसातील कोंबड्यांचा सर्वांत मोठा शत्रू. त्यावर लस हाच उपाय. पिले आठवड्याची होताना लासोटा आणि सुमारे आठ आठवड्यांची झाल्यावर आर-टू-बी लस पशुवैद्यकाच्या सल्ल्याने द्यावी.

खान्देशाला आणखी एक आठवण विसरता येणार नाही. देशातील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे झाला. मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातील काही गावांत परसातल्या कोंबड्यांनाही त्याची लागण आढळली. फेब्रुवारी २०२१ मध्ये नवापुरात हा रोग पुन्हा उद्भवला. हिवाळ्यात जलाशयांवर येणारे स्थलांतरित पाणपक्षी या विषाणूचे वाहक असू शकतात. म्हणून कोंबड्यांचे दाणापाणी उघड्यावर ठेवू नये आणि त्यांना पाणथळ जागी सोडू नये.

एकाएकी दोन-चार कोंबड्या दगावल्या, तर ‘थंडीने मेल्या’ म्हणून त्या उकिरड्यावर फेकू नयेत, उघड्या हातांनी हाताळू नयेत आणि उरलेल्या विकूही नयेत. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास तत्काळ कळवावे. संक्रामक रोगांबाबतच्या २००९ च्या केंद्रीय कायद्यानुसार हे मालकाचे कर्तव्यही आहे. वेळेवर दिलेली खबर शेजाऱ्यांची खुराडी वाचवू शकते.