रानातील बालवाडी

उंबरठ्याबाहेर पाऊल टाकणाऱ्या लहान मुलास आपल्याकडे वारंवार ऐकावा लागणारा शब्द म्हणजे 'नको'. मातीत हात घालू नको, भिजू नको, त्या किड्याला शिवू नको! या निषेधांच्या मुळाशी माया असते, यात शंका नाही. परंतु बंद खोल्यांत आणि मोबाइलच्या पडद्यापुढे बालपण सरू लागले असता त्या मायेचा हिशेब पुन्हा एकदा मांडून पाहणे अगत्याचे झाले आहे. स्वीडनसारख्या थंड देशाने तो कसा मांडला, हे समजून घेण्याजोगे आहे.

मोकळ्या हवेतील जीवनाचा प्रसार करणारी एक संस्था तेथे १८९२ पासून कार्य करीत आहे. १९५७ साली या संस्थेतील योस्ता फ्रोम यांनी मुलांसाठी 'स्कुग्समुल्ले' नावाचा एक काल्पनिक वनसखा निर्माण केला. 'स्कुग' म्हणजे रान आणि 'मुल' म्हणजे पालापाचोळा कुजून झालेली सुपीक माती. पाचसहा वर्षांची मुले शिकवून तयार केलेल्या स्वयंसेवकांसमवेत रानात जातात. तेथे मुल्लेच्या वेशातील कोणी झाडांआडून अवचित प्रकट होतो आणि रानाला काय सुखावते, काय दुखावते, ते त्यांना सांगतो. एकदोन वर्षांच्या बालकांसाठीही असे मेळावे भरतात. त्यांत आईने वा वडिलांनी मुलाबरोबर यावयाचे असते. याच विचारातून १९८५ साली स्टॉकहोमजवळील लिडिंग्यो येथे बारमाही उघड्यावर भरणारी बालशाळा निघाली.

या मेळाव्यांची रीत साधी आहे. शक्यतो एकाच जागी पुन्हा पुन्हा जावयाचे. त्यामुळे तेच झाड पानांनी भरलेले, पिवळे पडलेले व बर्फाखाली झाकलेले मूल पाहते, आणि ऋतू म्हणजे काय, हे त्यास निराळे शिकवावे लागत नाही. कुजका ओंडका उलटून त्याखालील जीव पाहावयाचे व ओंडका पूर्ववत ठेवावयाचा. कारण ते कोणाचे तरी घर असते. पालकाचे काम राखण करण्याचे, पुढे पुढे करण्याचे नव्हे. मूल अडखळले तरी ते आपले आपण उठते का, हे क्षणभर थांबून पाहण्याची सवय थोरांनाच अधिक लावून घ्यावी लागते.

याचा लाभ केवळ मनाला होतो असे नाही. चीनमधील ग्वांगझौ शहरात सुमारे सहा वर्षांच्या शाळकरी मुलांवर एक प्रयोग झाला; त्याचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. रोज ४० मिनिटे अधिक बाहेर घालविणाऱ्या मुलांपैकी तीन वर्षांत शंभरी सुमारे ३० जणांस लघुदृष्टी जडली. इतरांत हे प्रमाण सुमारे ३९ होते. बाहेरचा प्रखर उजेड डोळ्याच्या बुबुळामागील वाढीस आवर घालीत असावा, असे तज्ज्ञ मानतात.

हा विचार आपल्या भूमीस परका नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र काढले, तेव्हा अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. मुले शाळेपर्यंत येत नाहीत, हे पाहून शाळाच त्यांच्या अंगणात नेण्यात आली, तीच अंगणवाडी. गुरे राखणाऱ्या मुलांकरिता कुरणशाळा निघाली. शिंपले, खडे, पाने, बिया हीच तेथील साधने होती. १९७५ पासून सरकारी योजनेने अंगणवाडी हे नाव गावोगाव पोहोचविले; मात्र त्या नावातील अंगण कित्येक ठिकाणी भिंतींआड गेले.

आपले हवामान निराळे असल्याने रीतही थोडी बदलावी लागेल. उन्हाळ्यात सकाळची वेळ, पिण्याचे पाणी, पायांत वहाणा आणि सापविंचवाच्या भयास्तव दगड उलथताना थोराचा हात, एवढी दक्षता हवी. घनदाट अरण्याची मात्र गरज नाही. चारपाच कुटुंबांनी आठवड्यातून एक सकाळ ठरवून गावाबाहेरच्या एखाद्या वडाखाली किंवा तळ्याकाठी जमले तरी पुरे. मुलाने दाखविलेल्या किड्याचे नाव आईस सांगता आले नाही, तरी काही बिघडत नाही. ती त्याच्याशेजारी उकिडवी बसून तो किडा पाहत राहिली, म्हणजे मेळावा सुरू झालाच.