कट्टा मित्राचा, केस तुमच्यावर

तर मंडळी, आजचा विषय आपल्याच जिल्ह्यातला. एप्रिल 2018. सात तारखेला केडगावात पोटनिवडणुकीच्या निकालानंतर दोन शिवसैनिकांचा खून झाला. अठ्ठावीसला जामखेडमध्ये राष्ट्रवादीच्या दोघांना गोळ्या घातल्या. तीन आठवड्यांत चार जीव!

असं काही झालं की वाद सुरू. एक म्हणतो, लायसन देणंच बंद करा. दुसरा म्हणतो, मग आम्हालाही द्या, स्वसंरक्षणाला. पण लायसनचा रस्ता बघा: वय 21 पूर्ण हवं, जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज, मग पोलिसांचा अहवाल. 2019 च्या दुरुस्तीनंतर माणशी दोनच बंदुका, आधी तीन चालायच्या. निवडणुकीत त्याही बऱ्याच जणांना ठाण्यात जमा कराव्या लागतात. लग्नात हवेत गोळी झाडून कुणाचा जीव धोक्यात आणला, तर लायसनवाल्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

गावठी कट्टा मात्र कुठल्याच वहीत नसतो. आपल्या चोपडा तालुक्याला लागून, मध्य प्रदेशच्या हद्दीतलं उमर्टी त्यासाठी बदनाम आहे. माझ्या मते सगळा जोर तिकडून येणाऱ्या मालावर हवा. लायसनचे नियम कितीही आवळा, कट्टेवाला अर्ज करायला येतोच कुठे?

आणि रीलवाल्यांनो, 'भावा, दोन दिवस ठेव ना' म्हणून माहीत असून कट्टा सांभाळलात, तर ताबा तुमचाच धरतात. विनापरवाना साध्या पिस्तुलाला दोन ते पाच वर्षं. प्रतिबंधित प्रकारचं निघालं, तर सात ते चौदा.