पाण्याचा दट्ट्या

आमच्या विद्यार्थी वाचकांपैकीं बहुतेकांनीं सायकलच्या चाकांत हवा भरलीच असेल. दहावीस वेळां दट्ट्या दाबला कीं पंपाचें तोंड हातास चटका देऊं लागतें. वायु दाबला म्हणजे तो तापतो, असा सृष्टीचा नियमच आहे. सायकलच्या पंपांत या उष्णतेनें कांहीं बिघडत नाहीं. परंतु सर्वच वायु हवेसारखे गरीब नसतात. लोखंड सांधण्याच्या कामीं लागणारा ॲसिटिलीन वायु दाबाखालीं असतां फार तापला, तर हवेचा स्पर्श नसतांही त्याचा स्फोट होतो. असले वायु निर्धास्तपणें दाबावे कसे? या प्रश्नाचें एक उत्तर असें कीं, दट्ट्याच पाण्याचा करावा! तो कसा करतात, हें येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ताक घुसळतांना रवी जोरानें फिरूं लागली कीं ताक भांड्याच्या कडेला चढतें व मध्यें खळगा पडतो. या यंत्रांतही तेंच घडतें. आडव्या ठेवलेल्या पिंपासारखी एक वाटोळी लोखंडी पेटी असते. तींत पातीं असलेलें एक चाक बसवितात. मात्र त्याचा आंस पेटीच्या बरोबर मध्यावर नसून, समजा, थोडा वर सरकविलेला असतो. पेटींत कांहीं पाणी घालून चाक वेगानें फिरविलें म्हणजे तें पाणी भिंतीकडे फेंकलें जातें व त्याचें सारख्या जाडीचें एक फिरतें कडें बनतें. कड्याचा मध्य निराळा व चाकाचा निराळा. त्यामुळें वरच्या बाजूस पातीं मुळापर्यंत पाण्यांत बुडतात आणि खालच्या बाजूस त्यांचीं टोंकें तेवढीं पाण्यास शिवतात.

दोन पात्यांमधील जागेस आपण खण म्हणूं. खण वरून खालीं येऊं लागला कीं पाणी आंसापासून दूर हटतें, पोकळी वाढते व आंसाजवळच्या एका भोंकांतून वायु आंत ओढला जातो. तोच खण पुनः वर चढूं लागला कीं पाणी आंत सरकतें, वायूस दाबतें आणि दुसऱ्या भोंकांतून बाहेर लोटतें. फिरणारा भाग कायतो एकच. पुढेंमागें सरकणारा दट्ट्या नाहीं, उघडझाप करणाऱ्या झडपा नाहींत. आंत धातूवर धातु घासत नाहीं, म्हणून तेथें वंगणही नको. उत्पन्न झालेली उष्णता पाणीच शोषून घेतें. वायूबरोबर जें पाणी बाहेर पडतें, तें वेगळें करून व निववून पुनः आंत सोडतां येतें.

अशा पंपाचें पेटंट १९०३ सालीं जर्मनींत सीमेन्स-शुकर्ट कंपनीस मिळालें. अमेरिकेंत तें लुइस नॅश यांना १९१४ सालीं मिळालें.

कडें पाण्याचेंच हवें असें मात्र नाहीं. शहरांतील पिण्याचें पाणी शुद्ध करणारा क्लोरीन वायु विषारी असून, ओला असतांना लोखंडास खाऊन टाकतो. तो दाबतांना तीव्र गंधकाम्लाचें कडें वापरतात. हें अम्ल वायूंतील ओलावा शोषून घेतें आणि क्लोरीनशीं त्याची विक्रिया होत नाहीं.

हेंच यंत्र हवा काढून घेण्यासही उपयोगी पडतें. साखरेच्या कारखान्यांत उसाचा रस निर्वात कढईंत कमी उष्णतेवर उकळतो, म्हणून साखर करपत नाहीं. तेथील हवा ओढून घेण्यास असे पंप लावतात. कागदाच्या गिरण्यांत ओल्या लगद्यांतील पाणी शोषून काढण्यासही त्यांचा उपयोग होतो. वायूबरोबर वाफ वा पाण्याचे थेंब आले, तरी हें यंत्र सहसा अडत नाहीं.

याला मर्यादाही आहेत. पाणी गरगर फिरविण्यांतच बरीच शक्ति खर्ची पडते, म्हणून तेवढ्याच कामास दट्ट्याच्या यंत्राहून जास्त वीज लागते. शिवाय पाण्याची स्वतःची वाफ होते. हवेचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर उंचीइतका असतो. ३० अंश सेंटिग्रेड उष्णतेच्या पाण्याच्या वाफेचा दाब सुमारें ३२ मिलिमीटर भरतो. असें पाणी वापरल्यास त्याखालीं निर्वात नेतां येत नाहीं.

तथापि जेथें एका ठिणगीनें कामगारांचे प्राण जाण्याचें भय आहे, तेथें विजेचा हा जादा खर्च कोणता शहाणा कारखानदार नाकारील? यंत्राची किंमत करतांना तें किती खातें हें जसें पाहावें, तसें तें कोणाचें रक्षण करतें हेंही पाहावें, एवढें आमच्या भावी इंजिनियरांनीं ध्यानांत ठेवावें.