खेळावर पोट भरते का?

गावात एखादा मुलगा आठवी-नववीतच पावणेसहा फुटांवर गेला, हात लांब असले, उडी चांगली असली, की चार माणसे म्हणू लागतात, "याला बास्केटबॉलला घाला, नाव काढील." आणि घरातली वडीलधारी माणसे विचारतात, "नाव काढील हो, पण खाईल काय?" दोन्ही बोलणी खरी आहेत. पहिल्याचे उत्तर मैदानावर मिळते. दुसऱ्याचे उत्तर मात्र फारसे कुणी समजावून देत नाही. आज आपण त्याचाच विचार करू.

इंद्रायणीकाठची टाळगाव चिखली १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आली. त्याच्या आधीपासूनच तिथल्या घरांचा दिवस पावसापाण्यापेक्षा कारखान्याच्या पाळीवर चालू लागला होता. एका घरात एक भाऊ कंपनीत कायम असतो, दुसरा ठेकेदाराकडे असतो, आणि बापाने दोन गुंठे विकलेले असतात. कायम म्हणजे काय, ठेका म्हणजे काय आणि एकरकमी पैसा म्हणजे काय, हे या पट्ट्यातल्या माणसाला शिकवावे लागत नाही. म्हणूनच धंदेवाईक खेळाडूचा जन्म कसा जातो, हे चिखली-चाकणच्या माणसाला चटकन उमजेल.

खेळाडू दोन तऱ्हेचे. खेळ आवडतो म्हणून खेळणारा तो हौशी, आणि खेळणे हेच ज्याचे काम, त्याचेच ज्याला दाम मिळते, तो धंदेवाईक. हल्ली त्याला व्यावसायिक म्हणतात. ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी पैलवानांना आश्रय दिला, तालमींना बळ दिले, १९१२ साली खासबागचे मैदान उभे राहिले. तिथला पैलवान खेळावरच जगत होता. मात्र त्याच्या खुराकाची काळजी दरबाराला होती. राजाश्रय गेला आणि ही काळजी पैलवानाच्या स्वतःच्या गळ्यात पडली.

त्यानंतरचा मार्ग नोकरीचा. बास्केटबॉलचेच उदाहरण घ्या. मुंबईच्या नागपाड्यात हा खेळ गल्लीबोळांतल्या मुलांनी आपलासा केला. तिथले गुलाम अब्बास मुंतसिर भारताचे कर्णधार झाले आणि १९७० सालचा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. त्या काळात आपल्या देशात बास्केटबॉल खेळण्याचा पगार कुणाला मिळत नसे. पगार मिळे तो नोकरीचा. रेल्वे, पोलीस, सैन्यदल, बँका आपापले संघ बाळगत आणि चांगल्या खेळाडूला कामावर घेत. सकाळी सराव, मग कचेरी आणि स्पर्धेपुरती रजा, असा तो संसार. मार्ग जुना असला तरी बंद पडलेला नाही. पुण्याची शिरीन लिमये भारताकडून खेळली, तिने संघाचे नेतृत्वही केले, आणि देशांतर्गत स्पर्धांत ती भारतीय रेल्वेकडून खेळली. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत, हेही शिक्षकांनी मुलांच्या कानावर घातले पाहिजे.

तिसरा मार्ग कराराचा. टीव्हीवर लखलखाट दिसतो तो याचा. हा खेळ एका शिक्षकाच्या गरजेतून निघाला. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नेस्मिथ या शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाला, हिवाळ्यात विद्यार्थ्यांना घरात खेळता येईल असे काही हवे होते. त्याने सज्जाच्या कठड्याला दहा फुटांवर पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या आणि तेरा नियम लिहून काढले. कडीची उंची आजही तीच आहे. त्या टोपलीतून पुढे केवढा मोठा धंदा उभा राहिला पहा. १९४६ साली सुरू झालेल्या तिथल्या मुख्य संघटनेला एनबीए म्हणतात. तिच्यात तीस संघ आहेत, आणि नियमित हंगामात प्रत्येक संघ ८२ सामने खेळतो. एका संघात पूर्ण कराराचे जास्तीत जास्त पंधरा खेळाडू. आता तुम्हीच गुणाकार करा. सगळ्या जगातून अवघ्या साडेचारशे जागा! त्याखेरीज प्रत्येक संघाकडे उमेदवारीच्या थोड्या जागा असतात, तेवढेच.

दरवर्षी नवे खेळाडू दोन फेऱ्यांत निवडतात. पहिल्या फेरीत निवडलेल्याला कराराच्या पैशाची हमी असते. दुसऱ्या फेरीतल्याला तशी हमी नसते. म्हणजे निवड झाली, पेपरात नाव आले, तरी काम मिळेलच असे नाही. आपल्याकडे मुलाखतीत पास झाला पण नेमणुकीचा कागद हातात नाही, तसाच हा प्रकार.

सतनामसिंग भामराची हकीकत इथे सांगायला हवी. पंजाबातल्या बल्लो के या खेड्यातला हा शेतकऱ्याचा मुलगा उंचीने सात फुटांच्या वर गेला. लुधियानाच्या प्रबोधिनीत शिकला, २०१० साली शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेला, आणि २०१५ साली डॅलसच्या संघाने त्याची निवड केली. भारतातून असा निवडला गेलेला तो पहिला खेळाडू. देशभर गाजावाजा झाला. परंतु निवडीत त्याचा क्रमांक होता बावन्नावा, म्हणजे दुसऱ्या फेरीतला. मुख्य स्पर्धेत तो एकही सामना खेळला नाही. दोन हंगाम त्याने दुय्यम स्पर्धेत काढले, पुढे कॅनडातल्या एका संघाकडून खेळला. २०१९ साली उत्तेजक द्रव्याच्या चाचणीत तो अडकला आणि त्याच्यावर दोन वर्षांची बंदी आली. त्यानंतर त्याने अमेरिकेतल्या धंदेवाईक कुस्तीची वाट धरली. निवडीच्या दिवशी तो एकोणीस वर्षांचा होता. बास्केटबॉलची त्याची वाट पंचविशीच्या आतच खुंटली.

त्याच साली आणखी एक गोष्ट घडली. कॅनडात वाढलेला सिम भुल्लर हा साडेसात फुटांच्या आसपास उंचीचा, पंजाबी आईबापांचा मुलगा. सॅक्रामेंटोच्या संघाने त्याला २०१५ च्या एप्रिलमध्ये दहा दिवसांच्या करारावर घेतले. हो, दहाच दिवस! हंगामाच्या उत्तरार्धात संघांना अशी मुभा असते. एका खेळाडूला एकाच संघात एका हंगामात असे दोन करार देता येतात. पुढे एकतर हंगाम संपेपर्यंत ठेवून घ्यायचे, नाहीतर मोकळे करायचे. भारतीय वंशाचा पहिला खेळाडू म्हणून भुल्लरचे नाव इतिहासात नोंदले गेले, पण त्या स्पर्धेत तो तीनच सामने खेळला. मात्र त्याची कारकीर्द तिथे संपली नाही, हे ध्यानात घ्या. पुढे तो तैवानमधल्या संघांकडून खेळला. जगात अनेक देशांत अशा स्पर्धा आहेत, आणि बहुतेक धंदेवाईक खेळाडूंचे पोट त्या मधल्या फळीवरच चालते. पण तिथेही करार हंगामाचाच. आज एका गावी बिऱ्हाड, तर पुढच्या साली दुसऱ्या देशी.

मग आपल्याकडे काय? २०१५ साली यूबीए नावाची धंदेवाईक स्पर्धा निघाली, तिच्यात 'पुणे पेशवाज' नावाचा संघ होता. २०१७ नंतर ती स्पर्धा राहिली नाही, आणि संघही राहिला नाही. खेळाडू चांगला असून उपयोग नाही, त्याला बांधून घेणारी स्पर्धाही टिकावी लागते. कबड्डीचे मात्र बरे आहे. २०१४ साली सुरू झालेली प्रो कबड्डी टिकली, आणि तिच्या दहाव्या हंगामाचे विजेतेपद २०२४ साली पुणेरी पलटणने मिळवले. लिलावात काही खेळाडूंना कोटीच्या वर बोली लागते. पण तिथेही आकडा ऐकला की विचारावे, किती जणांना? आणि किती हंगाम?

खेळाडूचा पैसा हा जमिनीच्या पैशासारखा आहे. पगार दरमहा येतो आणि साठीपर्यंत येतो. खेळाडूची कमाई विशी ते पस्तिशी या पंधरा वर्षांत येते. गुडघा दुखावला, तर त्याच्याही आधी थांबते. पुढची तीस-चाळीस वर्षे त्यावर काढायची असतात. गुंठ्याच्या पैशातून कुणी दुकान घातले, मुले शिकवली, आणि कुणी गाडी घेऊन चार वर्षांत हात झाडून बसला. दोन्ही नमुने तुमच्या डोळ्यांसमोर आहेत. खेळाडूंतही तेच दोन नमुने आहेत.

म्हणून मुलाला मैदानापासून परत ओढा असे सांगणे नाही. खेळाने अंग घडते, मन घडते, चार गावे दिसतात. फक्त काही गोष्टी सांभाळा. शिक्षकांनो, दहावी-बारावीचा अभ्यास सुटू देऊ नका. नोकरीच्या राखीव जागेलाही शिक्षणाची अट असतेच. मान्यताप्राप्त संघटनेच्या स्पर्धांची प्रमाणपत्रे जपून ठेवायला शिकवा. वय चोरून मुलाला लहान गटात खेळवू नका. ते उघडकीला येते, आणि मग सगळेच प्रमाणपत्र खोटे ठरते. कुणी दिलेली गोळी किंवा पावडर डॉक्टरला दाखवल्याशिवाय घेऊ देऊ नका. अंगात जे सापडेल त्याला खेळाडू स्वतः जबाबदार, "मला ठाऊक नव्हते" हे चालत नाही, असा नियमच आहे.

आणि पालकांनो, करार समोर आला तर सहीच्या आधी पाच प्रश्न विचारा. मुदत किती? पैशाची हमी किती? दुखापत झाली तर दवाखान्याचा खर्च कोणाचा? पैसे कधी आणि कशा हप्त्यांनी मिळणार? मधल्या माणसाचा वाटा किती? या पाचांची उत्तरे कागदावर नसतील तर घाई करू नका.

खेळ थांबल्यावरही खेळातच काम मिळू शकते. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत १९६१ पासून मार्गदर्शक तयार होत आले आहेत. शारीरिक शिक्षणाची महाविद्यालये पुण्यात आहेत. पंचाच्या परीक्षा आहेत. ज्याचे शिक्षण पुरे झालेले असते, त्याला ही दारे उघडी असतात.

तेव्हा खेळावर पोट भरते का? भरते. थोड्यांचे भरगच्च भरते, पुष्कळांचे नोकरीच्या जोडीने भरते, आणि काहींचे अर्ध्या वाटेवर रिकामे राहते. आपला मुलगा किंवा मुलगी यांतल्या कुठल्या वाटेने जाईल हे चौदाव्या वर्षी कुणालाच सांगता येत नाही. म्हणून त्याच्या एका हातात चेंडू द्या, आणि दुसऱ्या हातातले पुस्तक काढून घेऊ नका.