दमेकऱ्यांचा आश्विन

कोजागरीच्या रात्री महाराष्ट्रात अनेक ठिकाणी दम्याचं औषध वाटतात. मठाच्या किंवा देवळाच्या पटांगणात रांगा लागतात, चांदण्यात ठेवलेल्या खिरीत कसलंसं चूर्ण मिसळलेलं असतं, ते घेऊन पहाटेपर्यंत जागायचं आणि पुढे सांगितलेलं पथ्य पाळायचं. बऱ्याच ठिकाणी पैसाही घेत नाहीत, त्यामुळे वाटणाऱ्यांच्या हेतूवर शंका घ्यायचं कारण नाही. पण हे सगळं आयुर्वेदाच्या नावावर खपतं, ते पाहून चरकाने मात्र कपाळाला हात लावला असता. आश्विनातली गार हवा, उघडं पटांगण आणि त्यात वाटीभर आटीव खीर! दमेकऱ्याने थंड जागा, गार वारा आणि कफ वाढवणारं जड अन्न टाळावं, हे तर त्याने स्पष्टच सांगून ठेवलंय.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातला सतरावा अध्याय उचकी आणि श्वास या विकारांवर आहे. त्यात श्वासाचे पाच प्रकार येतात. त्यातला तमकश्वास म्हणजे आपला दमा. वर्णन वाचताना समोर रोगी बसलाय असंच वाटतं. घशात घुरघुर, कपाळावर घाम, आडवं झालं की बरगड्या आवळल्यासारख्या, उठून बसलं की जरा बरं. कफ सुटला की घटकाभर आराम, मग पुन्हा तेच. गरम हवंसं वाटतं. आभाळ आलं, पाऊस झाला, पूर्वेचा वारा सुटला की त्रास वाढतो. कारणांत धूळ आणि धूर आहेत, थंड पाणी आहे, अति श्रम आहेत. स्टेथोस्कोप नसलेल्या काळातलं हे निरीक्षण आजच्या छातीच्या डॉक्टरांनाही मान्य करावं लागेल.

यापुढचं वाक्य मात्र जाहिरातवाले कधीच सांगत नाहीत. दमा नवा असेल तर बरा होऊ शकतो, एरवी तो याप्य, म्हणजे पथ्य आणि औषध चालू आहे तोवर ताब्यात राहणारा, असं चरक म्हणतो. आधुनिक वैद्यक तरी वेगळं काय सांगतं? श्वासनलिकांना आतून सूज असते, त्या चटकन आवळतात. ही सूज ताब्यात ठेवायची. 'मुळापासून दमा घालवू' ही हमी दोन्ही शास्त्रांना परकी आहे, आणि कायद्यालाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ यांच्या अनुसूची 'जे'मध्ये, जे रोग बरे करण्याचा दावा औषधाला करता येत नाही, त्यांत दमा आहे. तरी एसटी स्टँडच्या भिंती अशा जाहिरातींनी रंगलेल्या असतातच.

आश्विनाला दमेकरी घाबरतो ते उगाच नाही. पावसाळ्यात गाद्या, उशा, गोधड्या दमट राहतात आणि त्यांत धुळीतले माइट, म्हणजे डोळ्याला न दिसणारे किडे, पोसले जातात. त्यांची विष्ठा श्वासातून आत जाते आणि नळ्या चिडतात. कोकणात, मुंबईत भिंतींवरच्या बुरशीची त्यात भर. घाटावर गाजर गवत माजलेलं असतं. हे परदेशी तण पुण्यात पहिल्यांदा नजरेत आलं ते १९५० च्या दशकाच्या मध्याला, आणि आता त्याचे परागकण कुठे नाहीत असं नाही. मराठवाडा-विदर्भात याच दिवसांत सोयाबीनची मळणी चालते. सोयाबीनच्या धुळीची एक गोष्ट तर सांगायलाच हवी. १९८० च्या दशकात स्पेनमधल्या बार्सिलोना शहरात ठरावीक दिवशी दम्याचे रोगी एकदम इस्पितळांत लोटायचे. शोध घेतल्यावर कळलं, बंदरावर सोयाबीन उतरवून ज्या कोठारात भरायचे, त्याला धूळ अडवणारी गाळणीच नव्हती. टरफलाची बारीक धूळ वाऱ्याबरोबर शहरभर पसरायची. गाळणी बसवली आणि ते लोंढे थांबले. रोग्यांच्या औषधात काहीच बदललं नव्हतं, बदलली ती हवा. आपल्याकडे मळणीयंत्राच्या तोंडाशी उभा राहणारा मजूर फार तर उपरणं गुंडाळतो. दमा असलेल्याने तिथे उभं राहू नये; राहावंच लागलं तर चांगला बसणारा मास्क हवा.

मग येते दिवाळी. जळमटं काढणं, माळा उपसणं ही कामं दमेकऱ्याच्या वाट्याला देऊ नयेत. झाडण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसावं. चादरी-अभ्रे आठवड्याला कडकडीत पाण्यात धुवावेत. मच्छर कॉइल, धूप, उदबत्ती, मिरचीचा ठसका, बिडी-सिगारेट यांचा धूर फुप्फुसाला सारखाच. देवापुढची उदबत्ती बंद करा म्हटलं की घरातली मोठी माणसं रुसतात, हेही खरं. समई लावावी.

खाण्याबद्दल आपल्याकडे सल्ल्यांना तोटा नाही. केळं नको, दही नको, लिंबू नको, असं करत करत पोराच्या ताटात वरणभात तेवढा उरतो. हे मला पटत नाही. ज्या पदार्थाने आपल्याला खरोखर त्रास होतो तोच सोडावा, आणि तो वहीत नोंद ठेवून शोधावा. चरकाने वर्ज्य म्हटलेल्यांत उडीद, पावटा, पिष्टान्न, दही, कच्चं दूध आहे. सुचवलेल्यांत कुळथाचं कढण, शेवगा, सुका मुळा, जुने तांदूळ. कोकणातलं कुळथाचं पिठलं यात चपखल बसतं. श्वासाचं मूळ तो पोटाशी जोडतो, त्याचा व्यवहारातला अर्थ घ्यायचा तर रात्री उशिरा पोटभर जेवून लगेच आडवं होऊ नये. आम्लपित्त वर आलं की खोकला आणि दमा चाळवतो, असं आजचे डॉक्टरही सांगतात. वजन जास्त असेल तर ते उतरवण्याचा फायदा कुठल्याही पथ्यापेक्षा मोठा.

औषधांकडे वळताना दोन्ही पॅथींच्या भक्तांनी जरा जपून बोलावं. अडुळशातल्या व्हॅसिसिनवरूनच कफ पातळ करणारं ब्रोमहेक्सिन आलं. धोत्र्यातल्या ॲट्रोपिनचं नातलग असलेलं इप्राट्रोपियम आज नेब्युलायझरमधून देतात. पण म्हणून धोत्रा घरी कुटायचा नसतो. कनकासवात धोत्रा असतो, श्वासकुठारात पारा, मनःशीळ आणि बचनाग; ही औषधं वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यावीत. वमन, म्हणजे औषधाने ओकारी काढणं, हेही तसंच, ते घरी करायचं नाही. सितोपलादि, तालीसादि, छातीला सैंधव घातलेलं कोमट तीळतेल आणि शेक हे सौम्य उपाय चालू औषधाच्या जोडीला वैद्याला विचारून चालतात.

खरी भीती आहे ती नाव-गाव नसलेल्या पुड्यांची. घेतल्यावर दोन दिवसांत दमा पळाला, भूक वाढली, पुढे चेहरा गोल झाला, साखर चढली, असं झालं तर पुडीत स्टेरॉइड मिसळलेलं असण्याची शक्यता मोठी. अशी पुडी बरेच दिवस घेऊन एकाएकी बंद करणंही घातक. ती घेऊन डॉक्टरकडे जावं. गमतीचा भाग असा की अशा पुड्या घेणारी मंडळीच इन्हेलरला 'स्टेरॉइड आहे, सवय लागते' म्हणून नाकारतात. इन्हेलरच्या एका पफात बुडेसोनाइड १०० ते २०० मायक्रोग्रॅम असतं. प्रेडनिसोलोनची १० मिलिग्रॅमची गोळी म्हणजे १०,००० मायक्रोग्रॅम. दोन औषधं वेगळी, त्यामुळे आकडे तंतोतंत तोलू नयेत. पण इन्हेलरचं औषध मुख्यतः फुप्फुसातच काम करतं, गोळीचं अंगभर फिरतं. पफ घेतल्यावर चूळ भरून थुंकावी, एवढं मात्र पाळायचं.

प्राणायामाने दमेकऱ्याला बरं वाटतं, श्वासाची भीती कमी होते. भ्रामरी, संथ दीर्घ उच्छ्वास रोज करावा. धाप लागलेली असताना भस्त्रिका-कपालभाती नको, आणि प्राणायाम सुरू केला म्हणून इन्हेलर स्वतःहून बंद करायचा नाही.

घरात एक कागद भिंतीला लावून ठेवावा, त्यावर पुढचं लिहावं. एका दमात वाक्य पुरं बोलता येत नाही, ओठ निळसर दिसतात, पफ घेऊनही आराम पडत नाही किंवा टिकत नाही, अशा वेळी काढा उकळत बसू नये, रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन करावा. गाडी येईपर्यंत रोग्याला आडवं न करता टेकून बसवावं, कपडे सैल करावेत, आणि इन्हेलरला स्पेसर, म्हणजे औषध साठवणारी पोकळ नळी, लावून सालब्युटामॉल या लगेच आराम देणाऱ्या औषधाचे चार पफ एकेक करून द्यावेत. चार मिनिटांत फरक नसेल तर आणखी चार.