पोटावरचा पट्ट्याचा वळ

समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि सेलू, वर्धा, आर्वी या तालुक्यांतून मोटारी ताशी १२० किलोमीटरने धावू लागल्या. हिंगणघाटवरून हैदराबादकडे जाणारा रस्ता आधीपासून होताच. या रस्त्यांवर मागच्या सीटवरच्या लेकराला पट्टा लावायचाच, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पण अपघातानंतर अंगावर जखम नाही, हाड मोडलेलं नाही, पोर बोलतंय-चालतंय, म्हणून आपण देवाचे आभार मानून घरी निघतो, तेव्हा एक गोष्ट हमखास बघायची राहून जाते. सदरा वर करून पोट बघायचं असतं. बेंबीच्या आसपास आडवा लाल-निळा वळ उठला असेल, तर घरी जायचं नाही.

ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १४ मीटर. धडकेत हा वेग एक दशांश सेकंदात शून्यावर आला, तर २० किलोच्या मुलाला थोपवायला २८० किलो वजनाइतका जोर लागतो. मांडीवर घेतलेलं मूल म्हणूनच कोणत्याही आईच्या हातात राहत नाही. हा जोर पट्टा पेलतो. तो शरीराच्या कोणत्या भागावर पडतो, यावर मात्र सगळं अवलंबून असतं.

मोठ्या माणसाच्या कमरेच्या हाडाला पुढे दोन्ही बाजूंना कंगोरे असतात. पट्टा त्यांच्याखाली बसतो आणि सगळा भार हाडावर जातो. मुलांमध्ये हे कंगोरे साधारण दहाव्या वर्षापर्यंत पुरेसे वाढलेले नसतात. शिवाय मांड्या आखूड आणि सीट खोल, त्यामुळे गुडघे सीटच्या कडेशी वाकत नाहीत. मूल पुढे घसरून बसतं आणि पट्टा ओटीपोटावरून वर सरकतो. खांद्यावरचा पट्टा मानेला घासतो म्हणून आपणच तो काखेखाली किंवा पाठीमागे टाकतो. मग उरतो तो फक्त पोटावरचा पट्टा. धडक बसली की मुलाचं जड डोकं आणि धड त्या पट्ट्यावर दुमडतं. पुढे पट्टा, मागे मणका, आणि मधलं आतडं अडकित्त्यात सापडलेल्या सुपारीसारखं.

ही दुखापत एका माणसाने स्वतःच्या पोटावर सोसली होती, आणि मोटारींच्या सुरक्षेचं शास्त्र बऱ्याच अंशी त्यातूनच उभं राहिलं. ह्यू डी हेवन हा अमेरिकी तरुण १९१७ मध्ये रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये वैमानिकाचं शिक्षण घेत होता. सरावात दोन विमानांची टक्कर झाली आणि तो एकटा वाचला. पाय मोडले, यकृत आणि स्वादुपिंड फाटलं. अंथरुणात पडून त्याने विचार केला, आणि पोटातल्या जखमांचा दोष त्याने पट्ट्याच्या टोकदार बकलाला दिला. टक्कर देवाच्या हाती असेल, पण आत काय टोचतं ते माणसानेच बसवलेलं असतं, हा विचार त्या काळात कुणाला पटत नव्हता. पुढे त्याने स्वयंपाकघरात रबराच्या गादीवर उंचावरून अंडी टाकून पाहिली. १९४२ मध्ये, पन्नास ते दीडशे फुटांवरून पडूनही वाचलेल्या माणसांवरचा त्याचा निबंध प्रसिद्ध झाला. मग कॉर्नेल विद्यापीठात त्याने अपघाती जखमांचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला. तीन ठिकाणी बांधलेल्या पट्ट्याचं एक पेटंटही १९५५ मध्ये रॉजर ग्रिसवोल्डबरोबर त्याच्या नावावर आहे. पट्ट्याचं श्रेय आपण व्होल्वोच्या निल्स बोहलिनला देतो. त्याचं १९५९ चं काम मोठंच. बकल पोटावरून हलवून त्याने कमरेच्या बाजूला नेलं. पण पोटावर बकल नको, हे डी हेवनचं पोट चार दशकं आधी सांगत होतं. शाळेच्या पुस्तकात त्याचं नाव यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

कॉर्नेलच्याच या कामातून १९६२ मध्ये गॅरेट आणि ब्राउनस्टाइन यांनी पट्ट्यामुळे होणाऱ्या जखमांचा संच वर्णिला: पोटावर वळ, आत आतड्याला इजा, कमरेचा मणका मोडलेला. मणक्याची ती विशिष्ट मोड इंग्लंडमधले क्ष-किरणतज्ज्ञ जी. क्यू. चान्स यांनी १९४८ मध्येच टिपली होती. मणका आडवा चिरल्यासारखा दुभंगतो. अशी मोड झालेल्या मुलांपैकी निम्म्यांच्या आसपास मुलांच्या पोटातही इजा सापडते. म्हणून फोटोत मणका मोडलेला दिसला की शल्यचिकित्सक पोटाकडे वळतो, आणि पोट दुखत असलं की पाठ तपासतो.

ही इजा लपते ती वेळेमुळे. आतड्याला बारीक भोक पडलं, तर पोट ताठरायला काही तास लागतात. आतड्याला रक्त पुरवणारा पडदा फाटला असेल, तर तो भाग हळूहळू मरतो आणि एक-दोन दिवसांनी फुटतो. तोवर सोनोग्राफी निर्दोष येऊ शकते, पहिला सीटी स्कॅनसुद्धा. यकृत-प्लीहा धड आहेत आणि तरी पोटात पाणी दिसतंय, हे अनुभवी डॉक्टरांना खटकतं. मुलांचा रक्तदाब तर फारच फसवा असतो. रक्तवाहिन्या आवळून शरीर तो टिकवून धरतं, आणि बरंच रक्त गेल्यावर तो एकदम कोसळतो. त्याआधी वाढते ती नाडी. मणका लवचिक असल्याने कधी हाड शाबूत दिसतं आणि आतली मज्जारज्जू दुखावलेली असते. पायाला मुंग्या येतात किंवा मूल उभं राहायला नकार देतं. त्याला हट्ट समजू नये.

आपल्याकडे मुका मार म्हटलं की हळदीचा लेप, वर गरम दूध-हळद. इथे दोन्ही थांबवा. लेपाखाली वळ झाकला जातो, आणि आतडं फाटलं असेल तर दूध पोटात जायलाच नको. चोळणं तर अजिबात नाही. १०८ ला फोन करा. सेवाग्रामचं कस्तुरबा आणि सावंगीचं विनोबा भावे, अशी दोन वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं याच वर्धा जिल्ह्यात आहेत, हे आपलं भाग्य. तिथे पोचल्यावर मूल कुठे बसलं होतं, पट्टा अंगावर कसा होता, खांद्याचा पट्टा मागे टाकला होता का, हे न विचारताही सांगा. चोवीस तास ठेवून घेतलं तर कुरकुरू नका. पुन्हा पुन्हा पोटाला हात लावून बघणं हीच या दुखापतीची सगळ्यात भरवशाची तपासणी आहे.

गाडीच्या जाहिरातीतले पाच तारे बघून निर्धास्त होऊ नका. भारत एनकॅपसारख्या धडक-चाचण्यांत मुलांचे पुतळे मुलांच्या खास सीटमध्ये बसवलेले असतात. ती सीट आपण घेतलीच नाही, तर ते तारे आपल्या लेकराचे नाहीत. १४५ सेंटिमीटर उंचीपर्यंत मुलाला उंच करणारी बूस्टर सीट हवी, म्हणजे पट्टा मांड्यांच्या मुळाशी आणि खांद्याच्या मधोमध येतो. डर्बिन आणि सहकाऱ्यांच्या २००३ च्या अमेरिकेतल्या अभ्यासात चार ते सात वर्षांच्या मुलांना नुसत्या पट्ट्याच्या तुलनेत बूस्टरवर जखमांचा धोका ५९ टक्क्यांनी कमी आढळला. बूस्टरवरच्या मुलांत पोटाची आणि मणक्याची एकही इजा नोंदली गेली नाही. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेलं कलम १९४ ब मात्र चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा मुलांची सीट, दोन्हींपैकी काहीही चालेल म्हणतं. न लावल्यास दंड हजार रुपये. पाच वर्षांच्या पोराला मोठ्यांचा पट्टा लावला की कायदा समाधानी. हे कलम वयाऐवजी उंचीवर लिहिलं जायला हवं, आणि गाडी विकतानाच बूस्टर हातात पडायला हवा.