जिभेवरची पोथी

धर्मग्रंथ वाचणारी माणसे थोडी असतात. धर्मग्रंथ बोलणारी मात्र सर्वत्र असतात. ज्याने रामायणाची पोथी कधी उघडली नाही, तोही गुणकारी औषधाला ‘रामबाण’ म्हणतो आणि झोपाळू पोराला ‘कुंभकर्ण’ म्हणून हाक मारतो. यात कथेची गंमत आहे. तेवढ्यावर हरकत घेण्याचे कारण नाही. पण काही शब्दांतून कथेबरोबर ग्रंथाचा निवाडाही आपल्या तोंडी येऊन बसतो. विचार करायचा तो त्यांचा.

‘वेदवाक्य’ हा शब्द घ्या. ‘त्याचे म्हणणे म्हणजे काही वेदवाक्य नव्हे’ असे आपण सहज बोलून जातो. म्हणजे नकार देतानाही वेदाचे प्रामाण्य आपण गृहीत धरलेले असते. गौतमधर्मसूत्राच्या बाराव्या अध्यायात वेद मुद्दाम ऐकणाऱ्या शूद्राच्या कानांत वितळलेले कथील व लाख ओतण्याची शिक्षा सांगितली आहे. जे ऐकणेही आपल्या पूर्वजांना गुन्हा होता, तेच आज आपल्या बोलण्यात सत्याचे माप झाले आहे.

‘रामराज्य’ म्हणजे न्यायाचे राज्य, असे आपण शिकतो आणि शिकवतो. त्याच राज्यात तप करणाऱ्या शंबूकाचा, तो शूद्र म्हणून, शिरच्छेद झाल्याची कथा रामायणाच्या उत्तरकांडात आहे. शब्द रूढ झाला. शंबूक त्यातून गळाला.

याहून खोल रुतलेले आहेत ते ‘कर्माचे भोग’ आणि ‘गेल्या जन्मीचे पाप’. छांदोग्य उपनिषदाच्या पाचव्या अध्यायात चांगल्या आचरणाला ब्राह्मण, क्षत्रिय, वैश्य यांची योनी आणि वाईट आचरणाला कुत्रा, डुक्कर, चांडाळ यांची योनी सांगितली आहे. वस्तीतल्या म्हातारीने हे उपनिषद वाचलेले नसते. तरी सावकाराने जमीन गिळली, हातपंपावरून हाकलले, मजुरी बुडवली, की ती कपाळाला हात लावते आणि म्हणते, ‘माझेच भोग!’ जो जाब समोरच्याला विचारायचा, तो ती स्वतःच्याच मागल्या जन्माला विचारते. मग अन्याय करणाऱ्याला वेगळा वकील कशाला हवा?

पण भाषा ही केवळ पोथीची बटीक नसते. पुराणात वामन तीन पावलांत बळीचे सर्वस्व घेतो आणि त्याला पाताळात घालतो. ग्रंथाने विजय वामनाला दिला. तरीही दिवाळीत ओवाळताना आमच्या बाया म्हणतात, ‘इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो’. शेतकऱ्याला आपण ‘बळीराजा’ म्हणतो. वामनाचे राज्य यावे, असे मागणे कुणी मागत नाही. ज्याला ग्रंथाने गाडले, त्याला लोकांच्या जिभेने जिवंत ठेवले. १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिताना जोतीराव फुल्यांनी याच लोकस्मृतीला हात घातला आणि बळीराजाला आपल्या इतिहासाचा नायक केले.

२५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे दहन झाले. ग्रंथ जाळता येतो. वाक्प्रचार जाळता येत नाही. तो तपासावा लागतो. व्याकरणाच्या तासाला आपण ‘अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा’ एवढेच विचारतो. त्यापुढे आणखी दोन प्रश्न विचारायला शिक्षकाला कुणाची परवानगी लागत नाही: ही कथा कुणी सांगितली, आणि तिच्यात हरलेला माणूस कोण? हे प्रश्न वर्गातून वस्तीत गेले, तर ‘माझेच भोग’ म्हणणारी म्हातारी एखाद्या दिवशी ‘कुणामुळे?’ असेही विचारू लागेल.